दारापुढचे गटार आणि शरणांचे कायक



मृग नक्षत्र जवळ आले की गोव्यात घरोघरी पुरुमेताची लगबग सुरू होते. मिरच्या, चिंच, सोले उन्हातून काढून बरण्यांत जातात, लाकडे पडवीत येतात, फुटकी कौले बदलली जातात. पेडण्यात असो वा डिचोलीत, पावसाचा थेंब घरात येऊ नये यासाठी जे जे करायचे ते आपण मन लावून करतो. पण छपरावर पडलेले पाणी पागोळीतून खाली आल्यावर पुढे कोठे जाते, याचा विचार आपण फारसा करीत नाही. उंबरठ्याबाहेर गेले म्हणजे ते आपले राहिले नाही, अशी आपली समजूत. या महिन्याच्या चिंतनाला तेवढाच विषय पुरेसा आहे.

आधी थोडा हिशेब करू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी पडले. शंभर चौरस मीटरचे छप्पर असलेले घर धरा. एका दिवसात शंभर मिलिमीटर पाऊस झाला, आणि गोव्यात तो पावसाळ्यात अनेकदा होतो, तर त्या एका छपरावरून दहा हजार लिटर पाणी खाली येते. गोव्यात वर्षाला सरासरी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे एकट्या आपल्या घराचे वर्षाचे पाणी तीन लाख लिटर. ज्या गल्लीत वीस घरे आहेत तिच्यातून जोराच्या पावसाच्या एका दिवशी नुसत्या छपरांचे दोन लाख लिटर पाणी निघते. रस्ता, अंगण, मागचा डोंगर यांचे पाणी वेगळेच. हे सर्व वाहून न्यायचे ते कोणी? दीड-दोन फूट रुंदीचे, चिऱ्यांनी बांधलेले, आपल्या पायरीखालून जाणारे ते गटार. दोन फूट खोल गटारात एक फूट गाळ साचला तर वाहण्याची जागा निम्मी उरते आणि वाहणारे पाणी निम्म्याहूनही कमी होते, कारण उथळ पाण्याला तळाचा व भिंतींचा अडथळा अधिक जाणवतो. उरलेले पाणी मग रस्त्यावर येते, आणि रस्त्यावरून कोणाच्या तरी घरात. बहुधा उताराच्या शेवटी राहणाऱ्याच्या. वरच्या आळीतल्या माणसाला ते दिसतही नाही.

डिचोली तालुक्याला पाण्याची भीती नवी नाही. साखळीची बाजारपेठ वाळवंटी नदीच्या काठी आहे. नदी फुगली की बाजारात पाणी शिरते, हे तिथल्या जुन्या दुकानदारांना पाठ आहे. म्हणून नदीकाठी संरक्षक भिंत झाली आणि पंप बसवले गेले. या व्यवस्थेचे मर्म ध्यानात घ्या. नदीचे पाणी नाल्याच्या मुखाहून उंच चढले तर नाल्याचे पाणी नदीत जाऊच शकत नाही, उलट नदीच नाल्यातून गावात येऊ लागते. म्हणून मुखावरचे दार लावायचे आणि गावात पडलेला पाऊस पंपाने उचलून भिंतीपलीकडे टाकायचा. आता पंपापर्यंत पाणी पोचलेच नाही, वाटेतच बाटल्या, पिशव्या आणि चुडतांनी अडले, तर भिंत असून काय उपयोग? पंपाच्या जाळीवर चार प्लास्टिकच्या पिशव्या चिकटल्या तरी त्याचे बळ ओसरते. सरकारने कोट्यवधी खर्चून उभारलेले काम एका दुकानाच्या पायरीवरून टाकलेल्या कचऱ्याने लुळे पडते. भरतीची वेळ आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की नदीकाठच्या कोणत्याही गावाची हीच अवस्था होते.

पेडणे तालुका दोन नद्यांच्या मध्ये वसलेला, उत्तरेस तेरेखोल आणि दक्षिणेस शापोरा. वरून पठाराचे पाणी, खालून नदीचे. ऑगस्ट २०१९ मध्ये तिळारी धरणातून पाणी सोडावे लागले तेव्हा डिचोलीतल्या साळपासून खाली शापोरेच्या काठच्या गावांना त्याचा तडाखा बसला. २३ जुलै २०२१ रोजी पुन्हा पूर आला. १९८२ नंतरचा हा सर्वांत मोठा पूर असे तेव्हा मुख्यमंत्र्यांनी सांगितले. जुलै २०२४ मध्ये पेडण्याच्या रेल्वे बोगद्यात पाणी आणि चिखल आला आणि कोकण रेल्वेच्या गाड्या अडकून पडल्या. धरणाचे पाणी वा बोगद्यातला चिखल तुमच्या-माझ्या फावड्याने थांबणार नाही, हे उघड आहे. तसे सांगणे म्हणजे भोळ्या माणसांना फसवणे होईल. पण मोठा पूर दहा-वीस वर्षांत एकदा येतो, आणि तुंबलेल्या गटाराचा पूर दरसाल, प्रत्येक जोराच्या सरीला येतो. पहिल्याला आपण दैव म्हणू शकतो. दुसऱ्याला तसे म्हणता येत नाही.

असो. आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हे काम कोणाचे?

हा प्रश्न विचारला की दोन उत्तरे येतात. एक मोठ्याने येते: पालिकेचे. आम्ही घरपट्टी भरतो. दुसरे उत्तर कोणी मोठ्याने देत नाही, पण मनात तेच असते: ते 'त्या लोकांचे' काम आहे. पहिल्या उत्तराचा परामर्श पुढे घेऊ. दुसरे उत्तर आपल्याला, शरणांचे नाव घेणाऱ्यांना, अधिक झोंबले पाहिजे.

बाराव्या शतकात कल्याणात अनुभवमंटप भरत असे. तेथे मडिवाळ माचय्या होता, तो कपडे धुणारा. चामड्याचे काम करणारा हरळय्या होता. नावाडी होता, दोर वळणारा होता, सुतार होता. सत्यक्का नावाची एक शरणी होती, तिचे कायक झाडण्याचे. शिवभक्तांची अंगणे झाडून ती आपला निर्वाह करी. वाटेवर सोने पडलेले दिसले तरी त्याला हात लावायचा नाही, इतकी तिची निष्ठा कडक. ध्यानात घ्या, झाडणारी बाई अनुभवमंटपात केवळ बसली नाही, तिने वचने लिहिली आणि ती आठशे वर्षे टिकली. झाडणे सोडून ती शरणी झाली नाही. झाडता झाडता झाली. हरळय्याच्या मुलाचा विवाह मधुवरसाच्या मुलीशी झाला आणि त्यातून कल्याणात रक्त सांडले, ही हकिकत आपल्या प्रत्येक घरात सांगितली जाते. सांगताना ऊर भरून येतो. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गटार उपसायला आलेल्या माणसाला पाणी द्यायचे तर आपण वेगळा पेला शोधतो.

गोव्यातल्या शहरांत रस्ते झाडणारे, गटारे उपसणारे कोण आहेत ते पाहा. त्यांतले कितीतरी जण उत्तर कर्नाटकातून आलेले आहेत. ज्या मातीत बसवण्णा वाढले, जेथून आपले मठ आणि आपली वचने आली, त्याच मुलखातली ही माणसे आहेत. त्यांची बोलीही वचनांचीच कन्नड. आपण कन्नड वचने मराठीत उलगडून वाचतो आणि ती भाषा घरी बोलणारा माणूस आपल्याच पायरीशी गुडघाभर चिखलात उभा असतो. त्याला आपण नावानेही ओळखत नाही. मला वाटते, या अंकाच्या वाचकांनी आपल्या गल्लीत येणाऱ्या सफाई कामगाराचे नाव विचारून घ्यावे. एवढे तरी या महिन्यात होण्यासारखे आहे.

आता कोणी म्हणेल, 'गळ्यात इष्टलिंग आहे. त्या अंगाने गटारात उतरावे काय?' प्रश्न भक्तीपोटी आलेला आहे, त्याला हसू नये. पण त्याचे उत्तर शरणांनी फार पूर्वी देऊन ठेवले आहे. लिंगधाऱ्याला पंचसूतके नाहीत. जननाचे नाही, मरणाचे नाही, रजाचे नाही, उच्छिष्टाचे नाही, जातीचे नाही. ज्याला मृत्यूचा विटाळ होत नाही त्याला चिखलाचा कसा होईल?

आणि याहूनही मार्मिक अशी नुलिय चंदय्याची कथा आहे. चंदय्याचे कायक तळ्याकाठचे गवत कापून त्याचे दोर वळण्याचे. दोर विकून जे मिळेल त्यात जंगमसेवा. एके दिवशी पाण्यात उतरून गवत कापीत असता त्याचे इष्टलिंग गळून पाण्यात पडले. आपण असतो तर हातातले टाकून लिंग शोधू लागलो असतो, गाव गोळा केला असता. चंदय्याने गवताचा भारा बांधला आणि तो चालू लागला. कायकाची वेळ झाली होती, जंगम वाट पाहत होते. कथा म्हणते, लिंगच त्याच्या मागे आले, मला धारण कर म्हणाले. चंदय्या ऐकेना. अखेर मडिवाळ माचय्याला मध्यस्थी करावी लागली, आणि लिंगानेही त्याच्या कायकाला हातभार लावावा असे ठरले तेव्हाच चंदय्याने ते स्वीकारले.

कथा चमत्काराची म्हणून सोडून देऊ नका. तिच्यातली जागा पाहा. कथा मंदिरात घडत नाही, तळ्याच्या चिखलात घडते. लिंग पडले तेही चिखलात, आणि त्याने विटाळाची तक्रार केली नाही. त्याची एकच विनवणी होती, मला सोडून जाऊ नको. कायक सोडून माझ्याकडे ये, असे ते म्हणाले नाही. चिखलात हात घातल्याने लिंग दूर जाईल असे मानणारा माणूस ही कथा ऐकूनही ऐकत नाही.

पहिल्या उत्तराकडे वळू. पालिकेचे काम आहे, हे खरे आहे. १९६८ च्या गोव्याच्या नगरपालिका कायद्याने सार्वजनिक रस्ते आणि गटारे स्वच्छ ठेवणे हे पालिकांचे कर्तव्य ठरवले आहे. डिचोली, साखळी आणि पेडणे या तिन्ही ठिकाणी पालिका आहेत. मे महिन्याच्या आत गाळ निघाला नाही तर लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी, नगरसेवकाला गल्लीत आणून दाखवावे. आपण घमेलेभर गाळ काढला म्हणून पालिका मोकळी होत नाही, आणि तिला मोकळे करणे हा सज्जनपणाही नव्हे. काही ठिकाणी लोक इतके भले असतात की सगळे स्वतःच करतात आणि मग अधिकारी तिकडे फिरकेनासे होतात. ते टाळावे.

पण घरपट्टी भरली म्हणजे काय झाले? तो व्यवहार झाला. दासोहात व्यवहार नसतो. शिवाय पालिकेच्या दोन कामगारांनी आठवड्यातून एकदा यावे आणि आपण दिवसातून चार वेळा गटारात काहीतरी टाकावे, या शर्यतीत पालिका कधीच जिंकणार नाही.

काय टाकतो आपण? चहाचे पेले, गुटख्याच्या पुड्या, दुधाच्या पिशव्या. शहाळी आणि सोडणे. घराचे काम निघाले की रेती आणि खडी रस्त्याच्या कडेला ओततो, पहिल्या सरीला तिचा अर्धा ढीग गटारात. केळीची पाने, फणसाची पाने, माडाची चुडते. ही कुजतात म्हणून निरुपद्रवी वाटतात, पण कुजण्याआधी तीच मोरीच्या तोंडाशी आडवी बसतात आणि त्यांच्यावर प्लास्टिक चिकटते. डिचोली तालुक्यात खाणींचा लाल गाळ पिढ्यान् पिढ्या व्हाळांत आणि शेतांत उतरला आहे. खाणी २०१२ मध्ये बंद झाल्या, पुढे काही सुरू झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या, आता पुन्हा काही चालू आहेत, पण व्हाळांचे तळ जे उथळ झाले ते आपोआप खोल होत नाहीत. घरातला कचरा या आधीच अर्ध्या भरलेल्या वाटेवर जाऊन पडतो.

आणि एक वस्तू आपण फार श्रद्धेने टाकतो. निर्माल्य. सकाळी लिंगपूजा झाली, बेलपत्रे आणि फुले उतरवली, ती प्लास्टिकच्या पिशवीत बांधली आणि 'वाहत्या पाण्यात' सोडली. वाहते पाणी म्हणजे घरामागचा व्हाळ किंवा पुढचे गटार! चवथीच्या दिवसांत तर विचारूच नका. ज्या पाण्याला आपण पादोदकाची योग्यता देतो, पूजेच्या वेळी ज्याचा थेंबही भुईवर पडू देत नाही, त्याच पाण्याची वाट पिशवीने बुजवायची? बेल माडाच्या आळ्यात टाकावा. त्याचे खत होते, आणि माड ते नाकारत नाही.

येथे आयदक्की मारय्या आणि लक्कम्मा यांची आठवण होते. मारय्या शरणांच्या अंगणात सांडलेले तांदूळ वेचून आणी आणि त्यावर दासोह चाले. एके दिवशी त्याने नेहमीपेक्षा अधिक आणले. लक्कम्माने विचारले, इतके कशाला? आणि जास्तीचे तांदूळ परत ठेवून यायला लावले. या दांपत्याची थोरवी आपण दारिद्र्यातला संतोष म्हणून गातो. पण त्यात आणखी एक गोष्ट आहे. बाहेर सांडलेले मारय्या उचलून घरी आणतो, तेही मोजून. आपण घरात नकोसे झालेले उचलून बाहेर सांडतो, न मोजता. त्या काळच्या कल्याणात तांदळाचा दाणाही वाटेवर वाया जात नसे, आणि आपल्या दासोहानंतर थर्माकोलच्या पत्रावळींचा ढीग मंडपामागच्या नाल्यात दिसतो. १ जुलै २०२२ पासून देशभर अशा एकदाच वापरायच्या प्लास्टिक वस्तूंवर बंदी आहे. गोव्यात तर १९९६ पासूनच न कुजणारा कचरा गटारात व रस्त्यावर टाकण्यास मनाई करणारा कायदा आहे. कायदा पंचवीस वर्षांहून जुना झाला. गटारातली पिशवी मात्र रोज नवी.

पिशवीचे सामर्थ्य ज्यांना अजून पटत नाही त्यांनी बांगलादेशाचे उदाहरण पाहावे. पुराच्या वेळी ढाक्याची गटारे पातळ पिशव्यांनी बंद झाल्याचे आढळले आणि २००२ मध्ये त्या गरीब देशाने, जगात सर्वांच्या आधी, त्या पिशव्यांवर बंदी घातली. मुंबईचा २६ जुलै २००५ अनेकांना आठवत असेल. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. इतका पाऊस कोणतेही गटार वाहून नेणार नाही हे खरे, पण त्यानंतर महाराष्ट्रालाही पिशव्यांचा प्रश्न हाती घ्यावाच लागला.

तुंबलेल्या पाण्यातून रोग येतो, हे सर्वांना ठाऊक आहे, तरी थोडे नीट समजून घेतले पाहिजे. घाणेरड्या गटारात वाढणारा डास बहुधा क्युलेक्स, हत्तीरोगाचा वाहक. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात, म्हणजे गटारात फेकलेल्या करवंटीत, टायरात, आइस्क्रीमच्या कपात वाढतो. म्हणून गटार उपसले आणि कडेला करवंट्यांचा ढीग ठेवला तर एक डास गेला आणि दुसऱ्याची सोय झाली. अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. आठवड्यातून एकदा फेरी मारली तर साखळी तुटते. उंदरांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस पायाच्या लहानशा जखमेतूनही शरीरात शिरतो. पाण्यातून फिरल्यावर ताप आला, अंग व पोटऱ्या दुखू लागल्या, तर घरगुती काढ्यावर न राहता आरोग्य केंद्रात जावे आणि गटारात काम केले होते हे डॉक्टरांना सांगावे.

आता एक अडचणीची गोष्ट. कायकाचा उपदेश करताना आपल्याकडून अन्याय घडू नये. कायक थोर म्हणून गटारातल्या माणसाला 'तू आपले थोर कायक करीत राहा' असे सांगणे, आणि स्वतः ओसरीवर बसणे, हा शरणांच्या शब्दाचा गैरवापर आहे. शरणांनी कायक निवडले. कोणाच्या जन्मावरून ते त्याच्या गळ्यात बांधले नाही. बंद नाल्यात, टाकीत, भुयारी गटारात माणसाला उतरवणे हा गुन्हा आहे. २०१३ च्या कायद्याने तसे काम करून घेण्यास बंदी आहे. तरी माणसे मरतात. आत साचलेला विषारी वायू एका श्वासात माणसाला खाली पाडतो, आणि त्याला काढायला गेलेला दुसरा त्याच्यावर पडतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई तीस लाख रुपये केली. तुमच्या सोसायटीची टाकी तुंबली आणि कोणी पाचशे रुपयांत माणूस आणून देतो म्हणाला, तर नाही म्हणा. यंत्र बोलवा. खर्च अधिक होईल, तो वाटून घ्या. आपण जे करायचे म्हणतो ते उघड्या गटाराचे, दारापुढच्या दहा हातांचे काम आहे. झाकलेल्या, अंधाऱ्या जागेत कोणीच उतरायचे नाही, आपणही नाही आणि आपल्यासाठी दुसराही नाही.

सोन्नलगीच्या सिद्धरामांची गोष्ट या ठिकाणी सांगावीशी वाटते. आजच्या सोलापुरात त्यांनी तळे खोदवले, ते अजून आहे. हजारो माणसे त्यांच्या शब्दावर माती वाहत होती. तेथे अल्लमप्रभू आले. एवढे लोकोपयोगी काम पाहून ते प्रसन्न होतील असे वाटावे, पण त्यांनी सिद्धरामांना माती खणणारा म्हणून हिणवले. माती खणणे वाईट म्हणून? तसे असते तर अनुभवमंटपातल्या निम्म्या शरणांना उठून जावे लागले असते. 'मी केले' हा भाव तळ्याबरोबर खोल होत चालला होता, त्यावर प्रभूंनी बोट ठेवले. मग सिद्धराम कल्याणास आले आणि चन्नबसवण्णांकडून त्यांनी दीक्षा घेतली.

तळ्याला नाव देता येते, घाटाला देता येते, मंगल कार्यालयाला तर देतातच. गटाराला आजवर कोणी आपल्या वडिलांचे नाव दिलेले माझ्या पाहण्यात नाही. सिद्धरामांना जी परीक्षा कठीण गेली ती येथे आपोआप सोपी होते. २ ऑक्टोबर २०१४ पासून स्वच्छतेची मोहीम देशभर सुरू झाली, तिचे चांगले परिणाम झाले, पण कोरे झाडू घेऊन, आधीच झाडलेल्या रस्त्यावर काढलेली छायाचित्रेही आपण पुष्कळ पाहिली. आपल्या बसवदलाच्या मंडळींना माझी विनंती आहे, काम करायचे तर फलक नको. फलकही शेवटी गटारातच जातो.

गोव्याला हा विचार परका नाही. येथल्या गावकरीत पूर्वी खाजनांचे बांध आणि मानशी सर्वांनी मिळून राखायच्या असत. बांधाला भगदाड पडले तर ज्याचे शेत जवळ त्याचेच नुकसान, असे कोणी म्हणत नसे. खारे पाणी एकाच्या शेतात थांबत नाही. काबिजादी बदलल्या, राज्ये बदलली, कूळकायदे आले, गावकरीचे रूप पालटले, पण उताराचे पाणी अजूनही खालच्या घराकडेच जाते.

तेव्हा प्रत्यक्षात काय करावे? पाऊस सुरू होण्याच्या पंधरा दिवस आधी, एका रविवारी सकाळी, गल्लीतल्या घरागणिक एकाने बाहेर यावे. प्रथम पाणी शेवटी कोठे जाते ते चालत जाऊन पाहावे. पुष्कळांनी आपल्या गल्लीचे पाणी कोणत्या व्हाळाला मिळते ते आयुष्यात पाहिलेले नसते. काम खालच्या टोकाकडून सुरू करावे, नाहीतर वरून सोडलेला गाळ खालच्या शेजाऱ्याच्या दारात बसतो आणि भांडण होते. पायात गमबूट, हातात मोजे. पायाला जखम असेल त्याने त्या दिवशी चहाचे पाहावे. पुरुषांनी खणायचे आणि बायकांनी चहा करायचा अशी वाटणी करू नये. सत्यक्काचे नाव आपण आताच घेतले.

मोरीचे तोंड, वळण आणि दारासमोरचा स्लॅब, गाळ या तीनच जागी बसतो. स्कूटर चढवण्यासाठी अनेकांनी गटारावर अखंड स्लॅब ओतून घेतले आहेत. त्याखाली फावडे जात नाही. तो तोडा असे कोणी म्हणत नाही, पण पुढच्या वेळी डागडुजी निघाली की त्याचे उचलता येतील असे तुकडे करावेत. आणि दुकानदारांनो, तुमच्या पायरीने किती गटार खाल्ले आहे ते एकदा वाकून पाहा. पेठेत ही गोष्ट आपल्या माणसांनी आधी केली तर इतरांना सांगणे सोपे जाईल.

काढलेला गाळ कडेला ठेवून घरी जाऊ नये. ही चूक सर्वत्र दिसते. दोन दिवस ढीग सुकतो, तिसऱ्या दिवशी वळवाची सर येते आणि गाळ पुन्हा आपल्या जागी. म्हणून पालिकेला आधी कळवून त्याच दिवशी गाडी मागावी. गाडी मिळणार नसेल तर काम पुढच्या रविवारी ठेवावे. प्लास्टिक गाळातून वेगळे काढून पोत्यात भरावे व पालिकेच्या सुक्या कचऱ्यात द्यावे. पाने आणि माती माडांना चालते, पण गटारातला काळा चिखल भाजीच्या वाफ्यात घालू नये.

एकदा करून भागत नाही. जुलैच्या मोठ्या पावसानंतर पुन्हा पाहावे लागते, आणि तिसरी फेरी चवथीच्या आधी, श्रावणात ऊन-पाऊस चालू असताना. त्या वेळी गवत वाढलेले असते, साप असतो, म्हणून काठी सोबत ठेवावी आणि मुलांना पुढे करू नये. त्याच दिवशी गल्लीच्या तोंडाशी निर्माल्यासाठी एक पिंप ठेवावे, आणि त्यातले निर्माल्य कोणाच्या कुळागरात जायचे ते आधीच ठरवून घ्यावे.